चाळीस सेंटांचा कायदा

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात फोनचे बिल भरणारा प्रत्येक जण दरमहा एका जोडणीमागे चाळीस सेंट अशा एका क्रमांकासाठी भरतो, जो बहुधा त्याला स्वतःला कधी लावावा लागणार नाही. तो क्रमांक आहे ९८८. जगणे नकोसे झालेल्या माणसाने किंवा त्याच्या घरच्यांनी हा फोन लावावा आणि पलीकडे प्रशिक्षित माणूस असावा, अशी ही सोय. देशभर ती १६ जुलै २०२२ रोजी सुरू झाली. फोन उचलणाऱ्यांचे पगार कोण देणार, हा प्रश्न मात्र केंद्राने राज्यांवर सोडला. हवे तर दूरध्वनी बिलावर कर लावा, एवढी मुभा २०२० च्या केंद्रीय कायद्याने दिली होती. नवा कर लावायला उत्साहाने पुढे येणारे राज्य जगात कुठेच नसते. वॉशिंग्टनने २०२१ मध्ये, क्रमांक सुरू होण्याच्या आधीच, हा कर बसवला. आधी चोवीस सेंट आणि जानेवारी २०२३ पासून चाळीस. १४७७ क्रमांकाच्या त्या विधेयकाच्या कर्त्या होत्या टीना ऑरवॉल.

हे नाव आपल्याकडे कुणी ऐकले असण्याचे कारण नाही. अमेरिकेतही राज्याच्या विधिमंडळातला सदस्य शेजारच्या राज्यात कुणाला ठाऊक नसतो. ऑरवॉल डेमोक्रॅटिक पक्षाच्या. सिॲटलच्या दक्षिणेला, विमानतळाला लागून असलेल्या ३३ व्या मतदारसंघातून २००८ साली त्या प्रथम निवडून आल्या आणि कनिष्ठ सभागृहात सोळा वर्षे राहिल्या. मधल्या काळात त्या सभागृहाच्या प्रभारी अध्यक्ष होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये त्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे राज्याच्या सिनेटमध्ये गेल्या. त्यापूर्वीचे त्यांचे आयुष्य सार्वजनिक मानसिक आरोग्यसेवेत गेले. शिक्षण समाजकार्याचे, आणि नोकरी अशा माणसांमध्ये ज्यांच्याकडे खासगी डॉक्टरला द्यायला पैसे नसतात आणि घरच्यांचा धीरही संपलेला असतो.

समुपदेशनाच्या क्षेत्रातून कुणी राजकारणात आले की त्यांच्याकडून एका ठरावीक गोष्टीची अपेक्षा होते. सभागृहाला थोडा ओलावा येईल, भाषणांत माणुसकी येईल, वगैरे. वर्तमानपत्रे त्यांचे कौतुकही त्याच सुरात करतात: संवेदनशील आमदार. ऑरवॉल यांनी केलेले कायदे वाचले तर हा ओलावा त्यांत औषधालाही सापडत नाही. तिथे आहेत तास, दिवस, सेंट, नोंदवह्या आणि मुदती. आणि हेच त्यांच्या कारकिर्दीतले सगळ्यात समुपदेशकी लक्षण आहे, असे आमचे मत. ज्याने वर्षानुवर्षे समोरच्या खुर्चीतल्या माणसाचे ऐकले आहे, त्याला दुःखाचे वर्णन करण्याची हौस उरत नाही. हा माणूस माझ्यापर्यंत पोहोचण्याआधी कुठे कुठे अडला, कुणी त्याला परत पाठवला, कोणत्या कागदासाठी तो तीन आठवडे थांबला, हे मात्र त्याला पाठ असते.

पहिले उदाहरण २०१२ सालचे. मॅट ॲडलर या वकिलाने २०११ मध्ये आत्महत्या केली. त्यांच्या पत्नी जेनिफर स्टूबर वॉशिंग्टन विद्यापीठात समाजकार्य शिकवतात. नवऱ्याने मदत मागितली होती, ती मिळालीही होती. पण मदत करणाऱ्यांना या विशिष्ट संकटाचे शिक्षण नव्हते, हे त्यांच्या ध्यानात आले. मग जे उघड झाले ते वाचून कुणीही चक्रावेल. मानसोपचाराचा परवाना असलेल्या माणसाने आत्महत्येचा धोका ओळखायला आणि हाताळायला शिकलेच पाहिजे, अशी सक्ती तेव्हा अमेरिकेच्या एकाही राज्यात नव्हती. सामान्य माणूस हे गृहीतच धरून चालतो. दातांच्या डॉक्टरला दात काढता येतात की नाही, हे आपण विचारत नाही. ऑरवॉल यांनी आणलेल्या कायद्याला ॲडलर यांचे नाव आहे. मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, समाजकार्यकर्ते, कुटुंबचिकित्सक, व्यसनमुक्तीचे काम करणारे अशा सगळ्यांना ठरावीक काळाने प्रशिक्षण बंधनकारक झाले, बहुतेकांना सहा तासांचे. असा कायदा करणारे वॉशिंग्टन हे पहिले राज्य. २०१४ मध्ये हीच सक्ती डॉक्टर आणि परिचारिकांपर्यंत नेली गेली. त्यामागचे कारणही साधे होते: संकटात सापडलेला माणूस मानसोपचारतज्ज्ञाकडे जाईलच असे नाही, पण पाठदुखीसाठी किंवा झोपेच्या गोळीसाठी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे बहुधा जातो.

या कायद्यात एक बोचरी गोष्ट आहे आणि ती सहसा कुणी बोलून दाखवत नाही. आमदार झालेल्या ऑरवॉल यांनी पहिला मोठा बडगा उचलला तो स्वतःच्याच व्यवसायावर. एखाद्या पेशातून विधिमंडळात गेलेला माणूस साधारणपणे त्या पेशाचा वकील होतो. आपल्या विधान परिषदेत शिक्षकांचे सात मतदारसंघ आहेत. तिथून निवडून आलेल्यांनी वेतनश्रेणी, अनुदान आणि जुनी निवृत्तिवेतन योजना यांवर बोलावे, हे स्वाभाविकच आहे. त्यासाठीच त्यांना पाठवलेले असते. पण वर्गात शिकवणे जमते की नाही हे दर काही वर्षांनी तपासा, असे विधेयक त्यांच्यापैकी कुणी आणले, तर पुढच्या निवडणुकीत त्याचे काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. ऑरवॉल यांना आपल्या सहव्यावसायिकांचे अज्ञान आतून माहीत होते. बाहेरच्या आमदाराने हेच विधेयक आणले असते तर 'तुम्हाला आमच्या कामातले काय कळते' एवढ्या एका वाक्यात ते निकालात निघाले असते.

दुसरे प्रकरण अधिक लांबले आणि अधिक अंगावर येणारे आहे. बलात्कारानंतर रुग्णालयात गेलेल्या स्त्रीच्या शरीरावरून काही तास चालणाऱ्या तपासणीत नमुने गोळा करतात आणि ते एका संचात मोहोरबंद करतात. याला तिथे आणि आता इथेही रेप किट म्हणतात. ही तपासणी म्हणजे दुसरा अत्याचारच वाटतो, असे अनेक जणी सांगतात. तरी त्या ती करून घेतात, कारण त्यातून गुन्हेगार सापडेल असा त्यांना भरवसा असतो. अमेरिकेतल्या कित्येक शहरांत अशी हजारो किट पोलीस ठाण्यांच्या फळ्यांवर न उघडता पडून असल्याचे गेल्या पंधरा-वीस वर्षांत बाहेर आले. वॉशिंग्टन राज्यही त्याला अपवाद नव्हते. किट तपासायला पाठवायचे की नाही, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होते.

ऑरवॉल यांनी यावर एक विधेयक आणून हात झटकले नाहीत. त्या पुन्हा पुन्हा त्याच फळीकडे परतल्या. २०१५ च्या कायद्याने पोलिसांना किट मिळाल्यापासून तीस दिवसांत ते प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी सोपवणे भाग पडले. २०१६ च्या कायद्याने राज्यभरातल्या प्रत्येक किटचा माग ठेवणारी संगणकीय यंत्रणा उभी करायला लावली. असे करणाऱ्या पहिल्या काही राज्यांत वॉशिंग्टन होते. कुरिअरने पाठवलेले पार्सल कुठे पोहोचले हे आपण मोबाईलवर पाहतो, तसे त्या स्त्रीला कुणालाही फोन न करता, कुणासमोर पुन्हा हकिगत न सांगता आपले किट रुग्णालयात आहे, पोलिसांकडे आहे की प्रयोगशाळेत, हे पाहता येऊ लागले. २०१९ च्या कायद्याने प्रयोगशाळेलाच मुदत घातली: मे २०२२ पासून नवे किट पंचेचाळीस दिवसांत तपासून झाले पाहिजे. ज्या स्त्रीने अजून तक्रारच नोंदवलेली नाही तिचे किट फेकून न देता वीस वर्षे जपायचे, हे २०२० च्या कायद्यात आले.

ही वीस वर्षांची तरतूद कुणाला सुचेल? ज्याने हे ऐकले आहे त्याला. तक्रार करायची की नाही हे त्या रात्री ठरत नाही, कधी कधी ते ठरायला दहा वर्षे लागतात, तोवर अत्याचारी मेलेला असतो किंवा नवरा झालेला असतो, या गोष्टी समुपदेशनाच्या खोलीत रोज बोलल्या जातात. पोलीस ठाण्याच्या दप्तरात त्यांना रकाना नसतो.

याच कामात सिनेटमधून त्यांच्या जोडीला उभ्या राहिल्या मनका धिंग्रा. भोपाळमध्ये जन्मलेल्या, वडील गेल्यावर तेराव्या वर्षी अमेरिकेला आलेल्या. सरकारी वकील म्हणून त्यांनी किंग काउंटीत मनोरुग्ण आरोपींसाठीच्या वेगळ्या न्यायालयाचे काम पाहिले आणि दक्षिण आशियाई स्त्रियांना घरातल्या छळातून बाहेर काढणाऱ्या 'छाया' या संस्थेच्या उभारणीत भाग घेतला. २०१७ च्या पोटनिवडणुकीत त्या जिंकल्या आणि राज्याच्या सिनेटमधले बहुमतच फिरले. सिॲटलच्या पूर्वेकडच्या त्यांच्या मतदारसंघात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांमुळे भारतीय वस्ती मोठी आहे, आणि मराठी घरेही त्यात आहेत. 'घरातले घरात' हा नियम बरोबर घेऊन समुद्र ओलांडलेली ही वस्ती. तिच्या मतांवर निवडून येऊन घरातल्या मारहाणीवर कायदे करणे वाटते तितके सोपे नाही.

बंदुकीचा विषय थोडक्यात सांगतो, कारण त्यात ऑरवॉल यांची पद्धत उघडी दिसते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. तिथला डेमोक्रॅट या आकड्यावरून बंदूकबंदीच्या भाषणाकडे वळतो, रिपब्लिकन बंदुकीचा हक्क देणाऱ्या राज्यघटनेतील दुसऱ्या दुरुस्तीकडे वळतो, आणि दोघेही आपापल्या टाळ्या घेऊन घरी जातात. ऑरवॉल यांनी २०१६ मध्ये आणलेल्या विधेयकातून एक कार्यगट झाला, आणि त्याच्या कामात बंदूकहक्कांसाठी कोर्टात लढणारी सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन ही संस्था, बंदूकविक्रेते, औषधविक्रेते आणि आत्महत्याप्रतिबंधाचे कार्यकर्ते सोबत आले. घरात संकट असताना शस्त्र आणि औषधे कुलपात किंवा दुसऱ्याकडे ठेवा, हे दुकानदाराने गिऱ्हाइकाला सांगायचे, एवढाच मुद्दा. बंदुकीवरच्या निष्ठा बदलायच्या नाहीत, चार दिवस तिची किल्ली दुसऱ्याकडे जाईल एवढे पाहायचे. एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या नवरा-बायकोला एका खोलीत बसवणाऱ्याला हे जमते. कडव्या समर्थकांना यात तडजोडीचा वास येईल. आम्हाला त्यात अनुभव दिसतो.

आता ९८८ कडे परत. १४७७ चे विधेयक फक्त कराचे नव्हते. फोन उचलल्यावर पुढे काय, हा त्यातला खरा मजकूर. पूर्वी दहा आकडी क्रमांक होता. तो पाठ असणारा माणूस विरळा. लोक ९११ हा पोलिसांचा आणीबाणीचा क्रमांक लावत, आणि मनाने कोसळलेल्या माणसाच्या दारात बंदूकधारी पोलीस येत. अशा भेटींचा शेवट कधी कधी कसा होतो, हे अमेरिकी बातम्या पाहणाऱ्याला सांगायला नको. वॉशिंग्टनच्या कायद्याने फोनकेंद्रे, घरी जाणारी संकटपथके आणि नंतरची भेट यांची साखळी बांधायला घेतली. २०२३ मध्ये ऑरवॉल यांनी तिचा पुढचा भाग आणला, कारण पहिल्याने सगळे जमले नव्हते. मूळच्या अमेरिकी जमातींसाठी ९८८ लावून ४ दाबले की त्यांच्यातलाच माणूस बोलतो, ही सोय नोव्हेंबर २०२२ मध्ये देशात प्रथम याच राज्यात सुरू झाली. आपल्याच माणसाशी बोलण्याची गरज ज्यांना कळत नाही, त्यांनी सरकारी रुग्णालयात पारधी किंवा माडिया बाईला प्रश्न कसे विचारले जातात, ते एकदा ऐकावे.

या सगळ्यावर आक्षेप नाहीत असे नाही, आणि ते झाकून ठेवले तर हे स्फुट नुसती आरती होईल. सहा तासांच्या प्रशिक्षणाने माणूस ऐकायला शिकतो का? काही शिकतात, काही प्रमाणपत्र घेऊन पुन्हा घड्याळाकडे बघत बसतात. या कायद्यांनंतर वॉशिंग्टनमधल्या आत्महत्या थांबल्या, असे कुणी म्हणू शकणार नाही. एवढ्या गुंतागुंतीच्या आकड्याचे श्रेय-अपश्रेय एका कायद्याच्या खात्यावर टाकणे अप्रामाणिकपणाचेच आहे. त्याहून मोठा आक्षेप राजकीय आहे. प्रत्येक त्रासाला मनाचा त्रास ठरवून फोन क्रमांक दिला की मूळ त्रास देणारे सुटतात. घरभाडे, कर्ज आणि तुटपुंजी मजुरी यांवर उतारा म्हणून समुपदेशन दिले जाऊ लागले की समजावे, सरकारला स्वस्तातली वाट सापडली. ऑरवॉल यांच्याच मतदारसंघातल्या सीटॅक गावाने नोव्हेंबर २०१३ मध्ये सार्वमत घेऊन किमान वेतन ताशी पंधरा डॉलर केले. विमानतळावर सामान वाहणाऱ्या आणि हॉटेलांत चादरी बदलणाऱ्या कामगारांच्या मनःस्वास्थ्यासाठी त्या मतदानाने काय केले असेल, हे कोणत्याही फोनकेंद्राला मोजता येणार नाही. विदर्भातल्या शेतकऱ्याला कापसाच्या भावाऐवजी समुपदेशक मिळाला, अशी तक्रार आपल्याकडे झाली आहे आणि ती खोटी नाही. दोन्ही हवेत, असे म्हणणे सोपे; अर्थसंकल्पात पहिल्याचा आकडा दुसऱ्याच्या शेकडो पट असतो, म्हणून दुसरे आधी मिळते.

तरीही ऑरवॉल यांच्या कारकिर्दीकडे पाहताना आमच्या डोक्यात राहतो तो वेगळाच प्रश्न. अशी बाई आपल्या विधानसभेत निवडून आली तर ती काय करू शकेल?

वॉशिंग्टनच्या राजधानीतले, म्हणजे ऑलिम्पियातले, विधिमंडळ अर्धवेळ आहे. विषम वर्षी १०५ दिवस आणि सम वर्षी ६० दिवस अधिवेशन, बाकी वर्ष लोक आपापल्या कामाला मोकळे. तिथे कायद्याचा मसुदा मांडण्यासाठी मंत्री असावे लागत नाही. अठ्ठ्याण्णव प्रतिनिधी आणि एकोणपन्नास सिनेटर यांपैकी कुणीही विधेयक आणतो, समितीत त्यावर सुनावणी होते, आणि त्या सुनावणीत कुणीही नागरिक माइकसमोर येऊन एक-दोन मिनिटे बोलतो. किटच्या कायद्यांसाठी अत्याचार सोसलेल्या स्त्रिया अशाच येऊन बोलल्या, आणि पुढच्या कार्यगटांत त्यांना जागा मिळाल्या. पक्षादेश मोडला म्हणून तिथे कुणाची आमदारकी जात नाही, त्यामुळे बंदूकवाल्यांबरोबर एका टेबलावर बसण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

आपल्या संसदेत खासगी सदस्यांची आजवर चौदा विधेयके कायदा झाली. शेवटचे १९७० साली. विधानसभांची स्थिती याहून बरी नाही. अशासकीय विधेयक मांडायचे, मंत्र्यांनी 'शासन या विषयी सकारात्मक आहे' असे सांगायचे आणि सदस्याने ते मागे घ्यायचे, हा सगळ्यांना पाठ असलेला प्रवेश आहे. बलात्काराच्या प्रश्नावर आपल्या विधिमंडळाने अलीकडे केलेले सर्वांत गाजलेले काम म्हणजे डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलेले शक्ती विधेयक. त्यात तपासाच्या मुदती होत्या, पण चर्चा झाली, भाषणे झाली आणि मथळे आले ते फाशीचे. त्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळालीच नाही. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नमुना किती दिवसांत तपासायचा आणि तो कुठे आहे हे त्या बाईला कसे कळवायचे, याला मथळा येत नाही.

९८८ सुरू झाल्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १० ऑक्टोबर २०२२ रोजी, आपल्याकडे टेलिमानस ही फोनसेवा सुरू झाली. क्रमांक १४४१६, अनेक भाषांत, मराठीतही, आणि चोवीस तास. योजना चांगली आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षेऐवजी मदत मिळावी असे सांगणारा. तोही चांगला आहे. पण १४४१६ वर फोन केलेल्या यवतमाळच्या किंवा बीडच्या माणसाच्या घरी त्या रात्री कोण जाते, किती वेळात जाते, त्याचा पगार कोणत्या शीर्षाखाली निघतो, हे सभागृहात उभे राहून विचारणारा आमदार कोणत्या पक्षात आहे? समजा असलाच, तर त्याच्या हातात एक लक्षवेधी असते. उत्तर लेखी येते: ही बाब शासनाच्या विचाराधीन आहे. ती सूचना अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, कोरम नसलेल्या सभागृहात, क्रम आला तर चर्चेला येते.